पूर्वसेवेची तीन वर्षं

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" हा प्रश्न मला आजवर प्रत्येक मुलाखतीत विचारला गेला आणि प्रत्येक वेळी मी धडधडीत खोटं बोलले. दक्खन शीतसाखळी या वाहतूक कंपनीत तो प्रश्न विचारत नाहीत. उत्तर तेच तुम्हाला सांगतात.

"या मॅडम, या," केंद्रप्रमुख कर्णिक खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले. "तीन वर्षं फार छान काम केलंत आमच्याकडे."

शिरवळच्या त्या इमारतीत मी आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. गेटवर मिळालेला पाहुण्यांचा बिल्ला अजून गळ्यात होता. पण कर्णिकांना खोटं पाडायचीही सोय नव्हती. त्यांच्या दृष्टीने माझी तीन वर्षं खरोखरच झाली होती.

माझं नाव ऋतुजा ढाणे, राहणार सातारा. काम वाहतूक नियोजन. कुठला माल कुठल्या गाडीत, कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या क्रमाने जाईल हे ठरवायचं. सगळं सुरळीत चाललं तर आम्ही आहोत हे कुणाला कळत नाही, आणि बिघडलं की सगळ्यांना आमचा नंबर पाठ असतो. वाईच्या ज्या कंपनीत मी होते तिने नियोजनाचं टेबल बंद करून ते काम सॉफ्टवेअरला द्यायचं ठरवलं होतं. माणसं उरली होती ती फक्त औषधं, लसी आणि रक्ताच्या वाहतुकीत. तिथे टेबलावर माणूसच पाहिजे असा नियम झाला होता, कारण चूक झाली तर कान पकडायला कुणीतरी लागतं. अशा जागा चेन्नईला होत्या, गुजरातेत होत्या, आणि साताऱ्याजवळ एकच होती, ही. घरी अण्णा होते. त्यांची फुप्फुसं थकलेली, हवा शुद्ध करणारं यंत्र खोलीत दिवसभर घरघरत असायचं. त्यांना उचलून चेन्नईला नेणं शक्य नव्हतं आणि त्यांना सोडून मी जाणार नव्हते. म्हणून ही नोकरी मला हवी होती, फार हवी होती.

पूर्वसेवा म्हणजे काय ते मला कर्णिकांशेजारी बसलेल्या डॉ. फरीदा मुल्लांनी समजावून सांगितलं. ती पद्धत त्यांनीच बांधली होती. मूळच्या मिरजेच्या, चष्मा कायम डोक्यावर आणि तो शोधत कायम टेबलावर हात फिरवणाऱ्या.

"लोकांना वाटतं आम्ही माणसाचं मन काढून घेतो," त्या म्हणाल्या. "मन आम्हाला परवडणारं नाही. आम्ही फक्त निर्णयांचं वळण काढतो. कॅरम खेळणाऱ्याला चार संध्याकाळी बघा. पाचव्या दिवशी तो कुठली सोंगटी मारणार हे तुम्हाला आधी कळतं. त्यासाठी तो जेवला काय हे माहीत असायची गरज नाही."

त्या वळणासाठी मी दोन रविवार घरबसल्या त्यांचे खेळ खेळले होते. दोन गाड्या आणि तीन गावं, कुणाला नाही म्हणाल? वाईतल्या माझ्या जुन्या निर्णयांची माहितीही मी परवानगी देऊन त्यांना मिळू दिली होती. घरची अडचण नियोजकाला टेबलावरून उठवते, म्हणून घरचीही माहिती द्यावी लागली. अण्णांनी तर आपल्या दम्याचं वर्णन इतक्या रंगात येऊन केलं की माहिती विचारणाऱ्या यंत्राला मध्येच त्यांना थांबवावं लागलं. या सगळ्यातून माझी एक प्रतिमा तयार झाली. मग दक्खनचे डेपो, रस्ते, गाड्या, पाऊस, संप आणि बिघाड यांचं एक आभासी जाळं उभं करून तिला त्यात नोकरीला बसवलं. तिची तीन वर्षं आमच्या एका दुपारीत उरकायची. आणि एकदा जमलं ते नशीबही असू शकतं, म्हणून ती तीन वर्षं हजार वेळा, दर वेळी फासे नव्याने टाकून.

"पहिल्या पावसाळ्यात तुम्ही मिरज डेपोशी भांडलात," कर्णिक समोरच्या पडद्यावर बघत म्हणाले.

"कशावरून?"

"ते तुम्ही सांगायचं."

"गाड्या रिकाम्या परत पाठवल्या असतील त्यांनी."

"करेक्ट!" कर्णिक खूश झाले. मीही झाले. आणि मिरज डेपोतला एकही माणूस पाहिलेला नसताना माझ्या मनात त्यांच्याबद्दल अढी बसली.

"दुसऱ्या वर्षी लसींची एक गाडी तुम्ही चुकीच्या घाटातून पाठवलीत."

"मी नाही पाठवली."

"तुमच्या जागी तुम्ही असता तर पाठवली असतीत," ते शांतपणे म्हणाले. मी माफी मागितली.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तिसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, कृष्णेला पूर आला होता. कराडपासून खाली रस्ते बंद, सांगलीच्या दवाखान्यांना इन्सुलिन आणि रक्त पोहोचवायचं, आणि टेबलावर मी. त्याच दुपारी यंत्राने माझ्यावर घरची अडचण टाकली होती. वडिलांना दम लागला आहे, निरोप आला आहे.

"आणि तुम्ही उठला नाहीत!" कर्णिकांचा आवाज चढला. "हजारातल्या जवळजवळ प्रत्येक फेरीत. पूर ओसरेपर्यंत खुर्ची सोडली नाहीत. हे बघा, अहवालात काय आलंय. संकटकाळी संयम, उत्कृष्ट. मॅडम, इतक्या उमेदवारांत हा शेरा दुसऱ्या कुणाला नाही. उद्या शेवटची फेरी, ती नावापुरती. जागा तुमची आहे."

"आणि माझे वडील?"

"काही फेऱ्यांत बरे झाले," मुल्ला मॅडम हळूच म्हणाल्या. "काही फेऱ्यांत नाही."

बसमध्ये मला आनंद व्हायला हवा होता. खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत मी तो होतोय का याची वाट पाहिली.

घरी अण्णा वाटच बघत होते. ते शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्यापासून काही लपवायचं म्हणजे गिरवलेलं चित्र स्वतः काढलंय म्हणून दाखवण्यासारखं. ते कागद उजेडाला धरून बघतात.

"काय विचारलं गं त्यांनी?"

"विचारलं काहीच नाही. सांगितलं." आणि मग मी सगळंच सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं.

"मग, मी मेलो का?"

"काही वेळा."

"म्हंजे किती वेळा?"

"अण्णा!"

"अगं, नुसतं विचारतोय." ते हसले, हसता हसता खोकले, आणि खोकता खोकता मला पाणी नको अशी खूण केली. विषय संपला असं मला वाटलं.

संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर शेजारच्या शिर्केकाकू आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि अण्णा त्यांना औषधांचे डबे दाखवत होते. घराची एक किल्ली त्यांच्या हातात होती. अण्णांच्या मनगटावरचा पट्टा, जो श्वास बिघडला की माझ्या फोनवर वाजायचा, तो आता काकूंच्या फोनला जोडलेला होता.

"हे काय चाललंय?"

"काय नाही. तू कामावर असताना हे तुझ्याकडं वाजायला नको. उगंच तुझी चलबिचल."

"मी येणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटायचंय? त्यांनी तुला हजारदा विचारलं, मी फार तर एकदा विचारणार." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आधी कळलं ते बरं झालं. माणसाला तयारी करता येती."

तो टोमणा असता तर मी भांडले असते. भांडणात आम्ही दोघंही तरबेज आहोत. पण ते मनापासून माझी सोय बघत होते. त्यांच्याजवळ राहता यावं म्हणून मी ही नोकरी धरत होते आणि ती मिळायच्या आतच त्यांनी मला हिशेबातून वजा केलं होतं. काकू गेल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

शेवटच्या फेरीचं नाव हस्तांतर. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पाळी बदलताना जाणारा नियोजक येणाऱ्याला, म्हणजे आपल्या बदलीला, सगळं लोंबकळतं काम तोंडी सांगतो. पडद्यावर सगळं असतं, तरी तोंडीच. ऐकून झालं की येणारा म्हणतो, "घेतलं". तो शब्द कानावर पडल्याशिवाय जाणारा उठत नाही. वाईला आमच्या एका सहकाऱ्याची पाळी बदलणारा आला नाही, म्हणून तो स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोहोचला होता. मुलीकडच्यांनी तोंडं वाकडी केली, टेबलावरच्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दक्खनने ही रीत पूर्वसेवेत आणली होती. प्रतिमेने आपलं काम तुम्हाला सांगायचं, तुम्ही घ्यायचं, म्हणजे नव्या माणसाला शिकवायचा खर्च वाचतो. एरवी त्यासाठी एखादा साधा दिवस निवडत. कर्णिकांना माझा पूर मिरवायचा होता, म्हणून त्यांनी तोच निवडला.

आवाज माझाच होता, जरा घसा बसलेला.

"कराडच्या पुलाअलीकडे दोन गाड्या उभ्या. इन्सुलिन. थंडावा संध्याकाळपर्यंत टिकेल."

"पुढे," मी म्हणाले.

"सांगलीच्या रक्ताची गाडी इस्लामपूरवरून वळवली. ड्रायव्हर सकाळपासून उपाशी आहे, त्याला आधी जेवायला सांगा."

हे मीही सांगितलं असतं. कर्णिकांनी मुल्ला मॅडमकडे कौतुकाने पाहिलं.

"बदली मागितली. कुणी नाही."

"पुढे."

"विट्याहून जनित्राचं डिझेल निघालंय. बदली मागितली. कुणी नाही. बदली मागितली. कुणी नाही. मिरज डेपो फोन उचलत नाही. बदली मागितली. कुणी नाही."

"हे मध्ये मध्ये काय येतंय?" कर्णिकांनी विचारलं. ती वाक्यं येतच राहिली, गाड्यांच्या मधून, पुलांच्या मधून. शेवटी आवाज म्हणाला, "एवढंच. माझ्या वडिलांना दम लागलाय. मला साताऱ्याला जायचंय. घेतलं म्हणा."

मुल्ला मॅडम कीबोर्डवर वाकल्या होत्या.

"जाळ्यात नियोजकाची खुर्ची एकच आहे," त्या अखेर म्हणाल्या. "बदलीची विनंती जाते, पण ती घ्यायला पलीकडे माणूसच नाही. आणि जिचा काहीच परिणाम होत नाही अशी कृती यंत्र 'थांबणे' म्हणून मोजतं."

"म्हणजे तो संयम..." मी म्हणाले.

"तुमच्या हाका होत्या," मुल्ला मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझं चुकलं."

"दुसरी खुर्ची घालून चालवून बघा," मी म्हणाले.

त्यांनी घातली. फक्त पुराचाच दिवस घेतला, म्हणून आमचा चहा होईपर्यंत हजार फेऱ्या झाल्या. जवळजवळ प्रत्येक फेरीत निरोप आल्याबरोबर मी काम सोपवून उठले होते आणि सातारची वाट धरली होती. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी कर्णिकांसमोर मोठ्याने हसले.

"पण बांधतानाच दुसरी खुर्ची का नाही ठेवलीत?" मी विचारलं.

मुल्ला मॅडमनी कर्णिकांकडे पाहिलं. कर्णिकांनी कपातल्या चहाकडे.

"कारण इथेही नाही," ते म्हणाले. "पुरात बाकीची माणसं डेपोंवर जातात. टेबलावर एकच राहतं."

म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं. माझ्याबद्दल त्याला काही कळलं नव्हतं, पण या कचेरीबद्दल ते अगदी खरं बोललं होतं.

मुल्ला मॅडम हस्तांतराची फेरी बंद करायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं. पलीकडे कुणी नाही, नुसतं गणित आहे, हे मला ठाऊक होतं. तरी तिला तसंच अडकवून जाणं मला जमेना.

"घेतलं," मी म्हणाले.

"बरं. येते," माझाच आवाज म्हणाला आणि पडद्यावरचा हिरवा ठिपका विझला.

"पोहोचली का ती?"

"पुढचं आम्ही फाशांवर सोडतो. बघून सांगू?"

"नको."

कर्णिक माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या खुर्चीचा प्रस्ताव वर पाठवतो म्हणाले, आणि खरंच पाठवला. मी रागारागाने निघून गेले असते तर गोष्टीत शोभून दिसलं असतं. पण वाईचं टेबल बंद झालं होतं आणि चेन्नई चेन्नईतच होती. पाडव्यानंतर मी रुजू झाले. अण्णांना दुसऱ्या खुर्चीची हकिगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं की मग." पट्टा मात्र काकूंच्याच फोनला जोडलेला राहिला. मी दोनदा विषय काढला, त्यांनी दोन्ही वेळा चहा टाकायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. प्रस्ताव वरिष्ठांच्या विचाराधीन होता. कर्णिक सांगलीच्या डेपोत अडकले, बाकीचे कराड-मिरजेला गेले, टेबलावर मी. दुपारी फोन आला.

"ऋतू, अगं सर नगो म्हनले हुते तुला सांगू," शिर्केकाकू रडवेल्या झाल्या होत्या. "पर मला ऱ्हाववना. दवाखान्यात आनलंय. लई दम लागलाय बग."

"आलेच," मी म्हणाले आणि बसून राहिले. पडद्यावर लसींची एक गाडी पाण्याकडे तोंड करून उभी होती, तिच्या ड्रायव्हरला मागे वळवायचं होतं. त्याला वळवलं. कर्णिकांना फोन लावला, लागेना. मग कंपनीच्या सगळ्या विभागांना एकदम ऐकू जाईल अशा फोनवर बदली मागितली. कुणी नाही. पुन्हा मागितली. माझा आवाज बसायला लागला होता आणि तो मी आधी ऐकलेला होता. मला भीती वाटली, मी फार घाबरले. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा दार उघडलं.

मुल्ला मॅडम होत्या. वरच्या मजल्यावरून धावत आल्यामुळे धापा टाकत होत्या.

"मला यातलं काही येत नाही," त्या म्हणाल्या. "कुठली गाडी पडद्यावर कुठे दिसते तेही शोधावं लागेल. तुम्ही सांगा."

मी एकेक करत सगळं सांगितलं. त्या प्रत्येक गोष्ट पुटपुटत होत्या, शाळेत पाढे पाठ करावेत तशा.

"ही लसींची गाडी बहुतेक वाया जाणार. तरी थंडावा बघत राहा, ड्रायव्हरशी बोलत राहा."

"गेलीच वाया तर?"

"तर ती तुमच्या नावावर."

चष्म्यासाठी टेबलावर हात फिरवला, तो डोक्यावर सापडला, डोळ्यांवर घेतला.

"घेतलं," त्या म्हणाल्या.

हजार फेऱ्यांत ही बाई कुठेच नव्हती. जाळं बांधताना तिने त्यात सगळा मुलूख घातला होता, स्वतःला घालायचं तिला सुचलं नव्हतं. मी उठले.

ती गाडी वाया गेली. पुढे चौकशी झाली, मुल्ला मॅडमनी चूक आपली म्हणून सांगितली आणि त्यांची बढती अडली. दुसरी खुर्ची मात्र महिन्याभरात आली. त्यांना मी एकदा विचारलं, यंत्रात स्वतःला बसवून बघितलं असतंत तर काय निघालं असतं? त्या म्हणाल्या, बघितलं नाही तेच बरं.

त्या दिवशी मी साताऱ्याला पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दवाखान्याच्या दारात शिर्केकाकूंनी मला पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. अण्णा उशांना टेकून बसले होते, तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मला बघून ते दचकले. आधी त्यांनी माझ्यामागे पाहिलं, जणू मला कुणी बळेच घेऊन आलंय. मग मास्क वर केला.

"गाड्या कुणाच्या जिवावर टाकल्यास?"

"एका बाईंच्या. त्यांना काही येत नाही."

"मग आलीस कशाला?"

"तुमच्यासाठी आले, अण्णा."

नर्स ओरडली तसा त्यांनी मास्क खाली ओढला. डोळे भरले होते ते पुसायचे सोडून भिंतीकडे तोंड केलं. कॉटपाशी स्टूल नव्हतं, मी उभीच होते. थोड्या वेळाने त्यांनी पांघरुणातले पाय हळूहळू आखडून घेतले आणि मला बसायला जागा केली.